विषय : गाठीबाबत

रात्री नऊची मालिका. सरकारी कचेरी,
साहेबाच्या टेबलाखाली कोंबडी.
हसून हसून मुलांना ठसका.

माझे सासरे हसत नाहीत.
बत्तीस वर्षं वेंगुर्ल्याच्या तहसिलीत,
शेवटी अव्वल कारकून.
"फायलीला ही असली गाठ?" म्हणाले,
"ही तर होडी बांधायची. ओढली तर सुटेल का?
आणि जावक नोंदवही हिरवी?"

सकाळी वाहिनीला अर्ज.
समास सोडून, विषय, संदर्भ,
सोबत लाल फितीचा नमुना, दोन वीत,
योग्य गाठ मारून.
स्थळप्रत ट्रंकेत.

आता रोज अकराला गडग्यापाशी.
पोस्टमन सायकल न थांबवताच मान हलवतो.
एक महिना. दोन.
"पोच तरी द्यावी माणसानं," म्हणतात,
कुणाला ते कळत नाही,
बहुधा अबोलीला.

काल शेवंती केळुसकरीण आली बांगडे घेऊन.
नवऱ्यामागं वारसनोंदीसाठी
ह्यांच्या खिडकीशी किती सोमवार उभी होती
ते तिलाच ठाऊक.
पाटी उतरवली, ह्यांच्याकडे बघितलं.
"येतलां हां, भाऊसायबांनू," म्हणाली,
"सोमवारी."

आणि वाटा मोजताना
एक बांगडा जास्त टाकला.