चौथं कडवं

वेंगुर्ल्याच्या बंदरावर जकातीचा कारकून,
गुणाजी आरोंदेकर.
पावत्यांच्या पाठीवर गाणी लिहायचा.

आगबोटीनं मुंबईला गेला, बाकड्यावर बसून राहिला;
आत बाई गात होती त्याचं.
साहेब म्हणाला, तबकडीत तीनच मिनिटं मावतात,
चौथं कडवं काढा.
काढलं.
मोबदला अठरा रुपये, परतीचं भाडं वजा.

तबकडीवर बाईचं नाव, कंपनीचा मोर.
खाली बारीक अक्षरांत हा: गुलाबजी.

नारू तांडेलाच्या हॉटेलात ती अजून वाजते.
'सांजावलं'वर सुई अडकते,
सांजावलं, सांजावलं, सांजावलं…
नारू गल्ल्यावरून उठत नाही,
टेबलावर बुक्की मारतो.

चौथ्यात काय होतं, मी विचारलं होतं एकदा.
गुणाजी सुंगटं सोलत होता.
"होडी परत येय होती," म्हणाला.
"आता गेली ती गेली."