छातीपर्यंत

सित्र्याला ओहोटी लागली की
हाजी मक्कीची हद्रा उघडी पडते,
चिखलात रोवलेल्या काठ्यांचं कुंपण,
आत साफी, बोय, एखादी वाट चुकलेली कुर्ली.
मासे काढायला छातीपर्यंत पाण्यात जावं लागतं
आणि त्यासाठी छातीपर्यंतची रबरी विजार.

माझी विजार माझी नव्हती. लवू तारीची होती.
गुडघे गेले तसा तो देवबागला परतला.
जाताना म्हणाला, ही घे, आणि हे कार्ड
व्हिशाच्या झेरॉक्सबरोबर डब्यात ठेव.
हिरवं कार्ड, सोनेरी अक्षरं: आजीवन हमी.
माझ्या डब्यात तेवढी एकच गोष्ट आजीवन.
बाकी सगळ्यावर तारखा.

जानेवारीत डाव्या पायात पाणी शिरलं.
रात्री खोलीतला दिवा घालवला,
विजारीच्या पायात बॅटरी सोडली.
भोक शोधायची ही रीत लवूचीच.
जुनं ठिगळ सुटलं होतं,
वीतभर उजेड सरळ रेषेत बाहेर आला
आणि वरच्या खाटेवर झोपलेल्या थापाच्या तोंडावर पडला.
त्यानं नेपाळीत मला काहीतरी म्हटलं.

मनामाच्या दुकानात प्रजीश होता.
त्यानं कार्ड उलटसुलट पाहिलं.
हमी पहिल्या मालकालाच. तुम्हीच लवू तारी?
मी विचारलं, आजीवन म्हणजे कुणाचं?
वस्तूचं.
आणि वस्तूचं आयुष्य किती?
फाटेपर्यंत.
दोघंही हसलो.
मग त्यानं मागे बघून आवाज खाली घेतला:
लिहा, शिवण उसवली. सही करा तारी म्हणून.
कंपनी सात समुद्रांपलीकडे, कोण येतंय बघायला?

मी बाहेर येऊन लवूला फोन लावला.
"शिवण खंयची रे! मियाच कापलंय ती सुरयेन.
पाकटाचो काटो घुसलो व्हतो, पाय भायर काढूक नको?"
मग थोडा वेळ नुसता देवबागचा वारा ऐकू आला.
"रबरान काय वायट केल्यान आमचा?"

खरंच, काय केलं होतं?
नऊ हिवाळे लवूला कोरडं ठेवलं,
वरून दोन मला.
कंपनीचं एका विजारीनं काही बुडत नाही, हेही खरं.
पण लवूच्या गुडघ्यांची शिवण उसवली
तेव्हा तो कुठल्या काउंटरवर गेला होता?
हा हिशेब मला अजून जुळवता येत नाही:
ज्यांनी कसलीच हमी दिली नाही त्यांच्याशी आम्ही इमानी,
आणि जिनं दिली, तिला फसवायचं?

कार्ड मी खिशात घातलं आणि मांडणीकडे वळलो.
नऊ दिनारची एक होती, हलकी, चकचकीत,
जेट्टीमागच्या उकिरड्यात तसल्यांचा ढीग पडलेला असतो,
पाय आत दुमडून बसल्यासारख्या.
दुसरी चौतीस दिनारची, गुडघ्यावर दुहेरी कापड.
बोटानं शिवण ओढून पाहिली, आतून पाहिली,
टाचेत बूट कसा चिकटवलाय ते पाहिलं.
माझा व्हिसा उरला चौदा महिने.
साधं गणित म्हणतं, नऊवाल्या दोन घे आणि सोळा वाचव.
सोळा दिनारात घरी बरंच काही होतं.

चौतीसवाली घेतली.
शहाणपणा नव्हे; चौदा महिन्यांनी
या चिखलात आणखी कुणीतरी उतरणारच आहे,
माझ्याच मापाचा असेल असं नाही.

प्रजीशनं पेन काढलं. कार्डावर नाव?
मोकळं सोडा, म्हटलं.
त्यानं माझ्याकडे पाहिलं. ही पण लबाडीच की.
असेल.
तरी त्यानं तारीख घातली, शिक्का मारला
आणि नावाची रेघ तशीच ठेवली.

संध्याकाळी ओहोटी सव्वापाचची.
नवं रबर पोटऱ्यांना घट्ट बसतं, करकरतं.
गार पाणी चारी बाजूंनी दाबून बघतं.
जुनी दोरीवर उलटी टांगलीय,
सायकलवाल्याचं सोल्युशन वाळायला
अजून रात्र जाईल.