घर्षण नगण्य माना

बेलार्ड इस्टेटच्या या इमारतीत
मी स्टुलावर बसून मजले बदलतो.
स्टुलाखाली डबा, डब्याखाली प्रश्नसंच,
आमटीचा डाग नेमका गुरुत्वाकर्षणावर.

जाळीचं दार ओढायचं, एक ओळ वाचायची.
तिसरा. दार.
'वस्तुमान आणि वजन यांतील फरक स्पष्ट करा.' दोन गुण.
पाचवा. दार.
वस्तुमान कुठेही गेलं तरी तेवढंच राहतं.
हे पटलं. गणपतीला गुहागरला गेलो तेव्हा चोपन्न किलो,
परत आलो तेव्हाही चोपन्न.
तळमजला. दार. दोन कुरियरवाले, फायलींचा एक गठ्ठा.

रात्रशाळेत कुडतरकर बाई फळ्यावर लिहितात:
कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन.
निघालात तिथेच परत आलात तर विस्थापन शून्य,
म्हणून कार्यही शून्य.
पुढच्या बाकावरची सुगंधा मोरजकर, इस्पितळात आया,
हात वर न करताच म्हणते,
मग मी रात्रभर वॉर्डात फेऱ्या मारते त्या कुठे गेल्या?
बाई हसतात. म्हणतात, पेपरात असं लिहू नका.
आणि शून्य असलं तरी पुढे एकक हवं,
नाहीतर अर्धा गुण गेला.

मी वहीत गणित मांडलं:
वर्षं बावीस. रोज संध्याकाळी तळमजला.
उत्तर: शून्य ज्यूल.
खाली पट्टीने दोन रेघा मारल्या.

प्रश्न चौदावा. 'एक माणूस लिफ्टमध्ये उभा आहे.
लिफ्टची दोरी तुटली तर त्याला त्याचं वजन किती भासेल?
घर्षण नगण्य माना.'
एक माणूस. लिफ्ट कोण चालवतंय ते दिलेलं नाही.
दिलेलं नसेल ते धरायचं नाही, असा नियम.
घर्षणाचं मात्र कसं मानू?
दर सोमवारी ग्रीसचा डबा घेऊन
मी रुळांवरून बोट फिरवतो,
काळं नखांत जातं, गुरुवारपर्यंत निघत नाही.

गुरुवारीच वीज गेली.
चौथा सुटला, पाचवा आला नव्हता.
आत चितलांगे साहेब, सहाव्यावरचे, हिशेब तपासणारे.
मोबाइलच्या उजेडात त्यांचा टाय ढिला होत गेला.
वर दोरीकडे बघून म्हणाले,
ही तुटली तर रे, गोताड?

तुटली तर वजन शून्य न्यूटन, साहेब.
आपण एकोणीस पूर्णांक सहा मीटरवर आहोत असं धरू.
सुरुवातीचा वेग शून्य.
म्हणजे दोन.
ते काहीच बोलले नाहीत.
मला वाटलं रीत दाखवायला हवी होती,
नुसतं उत्तर लिहिलं की बाईही गुण देत नाहीत.
मग म्हणालो, तसा ब्रेक आहे, धरतो तो.
पण प्रश्नात ब्रेक दिलेला नाही.

वीज आली. लिफ्टने एक हिसका दिला
आणि टाचा क्षणभर जड झाल्या,
वर निघताना होतात तशा.
हे पुस्तकात एकशे बाराव्या पानावर आहे.
टाचांना ते पहिल्या महिन्यातच कळलं होतं,
फक्त त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

सहावा. दार.
साहेब बाहेर पडले, चार पावलं गेले, थांबले.
मघाशी दोन म्हणालास. दोन काय?

सेकंद, साहेब.