हेलपाटे

आम्हाला वाटलं, घड्याळ काढेल.
योलितानं पिशवीतून काढला
लाल लोकरीचा गुंडा.

क्लायपेडा बंदरामागचं सात नंबरचं गोदाम.
त्याचा नकाशा तिनं भिंतीवर ठोकला.
दारं, मांडण्या, वजनकाटा, प्रिंटर,
प्रत्येकावर एक टाचणी.
म्हणाली, ब्रोन्यूस जाईल तिथे लोकर जाईल.

ब्रोन्यूस आवकेचा माणूस, एकतीस वर्षं.
ट्रक दाराला लागला की पावती घ्यायची,
लेबलांसाठी प्रिंटरपर्यंत चालायचं, परत यायचं,
एक लेबल कमी पडलं की
पुन्हा प्रिंटर.
बाहेर ड्रायव्हर इंजिन बंद करून
सूर्यफुलाच्या बिया फोडत बसायचे.
टरफलांच्या ढिगावरून आम्ही उशीर ओळखायचो.

बुधवारपर्यंत नकाशा दिसेनासा झाला.
तीन नंबरचं दार आणि प्रिंटर यांच्यामध्ये
लाल गुंत्याचा जाड दोरखंड.
ब्रोन्यूस समोर उभा, टोपी हातात,
दवाखान्यात स्वतःचा एक्स-रे बघावा तसा.
"हे सगळं मी?"
"तुम्ही, आणि तुमचे हेलपाटे."

शनिवारी प्रिंटरला चाकं लावली.
मीच लावली, मोडक्या ट्रॉलीची;
त्यातलं एक अजून किंचाळतं.
जमिनीवर पिवळी पट्टी आली,
आवक उजवीकडे, जावक डावीकडे,
आधी आलेलं आधी जाईल.
हेरिंगचे डबे आमच्याआधी शिस्त शिकले.

आता ट्रक चाळीसऐवजी सव्वीस मिनिटांत सुटतो.
टरफलं मुठीत मावतील एवढीच.
ब्रोन्यूसचे पाय मात्र
मधूनच जुन्या वाटेला लागतात,
चार पावलांवर त्याला आठवतं,
मग उगाच वजनकाट्यावरची धूळ पुसून परततो.

नकाशा उतरवला तेव्हा
टाचण्या त्यानंच काढल्या, लोकर गुंडाळून घरी नेली.
गेनोवाइते म्हणाली, एवढ्याशा लोकरीचं करू काय?
आणि एका हातमोज्याचा अंगठा विणला.
बाकी सगळा मोजा करडा.

जानेवारी.
शटर वर जातं, समुद्राकडचा वारा आत घुसतो,
आणि पावतीच्या कोपऱ्यावर
तो लाल अंगठा घट्ट बसतो.

पुढच्या महिन्यात नकाशा जावकेकडे लागणार.
म्हणजे माझ्याकडे.
मी आत्तापासूनच
पावलं जपून टाकायला लागलोय.

काल ब्रोन्यूसनं हटकलं,
दुसऱ्या हातातला नुसता करडा मोजा दाखवत:
"नेहमीसारखा चाल रे बाबा,
अजून एक अंगठा व्हायचाय."