आपलं छप्पर

बेलापूरला, सेक्टर अकरात आमचं ऑफिस.
खलाशांचे पासपोर्ट, मेडिकल, कोण कुठल्या बंदरात चढणार.
त्याच कागदांत रोमेल सापडला. बालायानचा, सेकंड इंजिनिअर.
फोटोत हसला होता
म्हणून फॉर्म परत पाठवला होता मी.

लग्न ठरलं तेव्हा म्हणाला, नानायला इंग्रजी येत नाही,
आणि जहाजावर गेला. सात महिने.

आता दोनशे पानी वहीत
डावीकडे त्यांचे शब्द, उजवीकडे आपले.
डबा खाऊन झाल्यावर, पारसिकच्या टेकडीकडे पाठ करून, घोकते.

मुखा म्हणजे चेहरा. आसा म्हणजे आशा.
वाटलं, कुणीतरी आधीच पायवाट पाडून ठेवलीय.
मग हिंदी म्हणजे नाही.
हे ऑफिसात सांगितलं तर पाटणकरांना ठसकाच लागला.
आणि वाला.
आपल्याकडे दूधवाला, घरवाला : ज्याच्याजवळ काही आहे तो.
त्यांच्याकडे वाला म्हणजे नाही, संपलं, उरलं नाही.

रविवारी साडेसहाला फोन. तिकडे नऊ झालेले असतात.
नानायच्या तोंडात वृषाली बसत नाही, ती म्हणते ब्रुसाली.
माझ्या तोंडात तिचा ङ बसत नाही.
अंकलिपीत ङ समोरचा चौकोन रिकामाच असायचा माझ्या.
ङिपिन, ती म्हणते, आणि हसून दाखवते : दात.
तीस वर्षांनी त्या चौकोनात चित्र आलं.

कुमाइन का ना? जेवलीस का?
ओपो, मी म्हणते. जेवलेली नसते.
करावे गावात, गच्चीवर, जवळा पसरता पसरता आई विचारते,
काय म्हनली गो?
जेवलीस का, म्हणाली.
मंग मानसां बरी हान.

रोमेल आणि मी भेटलो इंग्रजीत,
तिथे आम्ही आणि आपण एकाच शब्दात राहतात,
भिंत नसलेल्या खोलीत.
नानायच्या भाषेत मात्र दोन आहेत, आपल्यासारखेच :
नामिन, आमचं.
नातिन, आपलं.
वहीत ते पान आलं तेव्हापासून कान तिकडेच.
बाहाय नामिन, ती म्हणायची, आमचं घर.
आसो नामिन, आमचा कुत्रा.
बरोबरच होतं. आईही म्हणतेच की,
आमच्यात असं नसतं.

नोव्हेंबरात तिकडे वादळ झालं.
दोन रविवार फोन लागला नाही.
रोमेल सुएझच्या रांगेत, नांगर टाकून.
तिसऱ्या रविवारी पाम बीच रोडला, रिक्षात,
अचानक समोर नानाय, हनुवटीखाली मेणबत्ती :
वाला ना आङ बुबोङ नातिन.

बुबोङ वहीत नव्हता.
बुबोङ? मी विचारलं.
तिनं काही सांगितलं नाही. फोन वर उचलला.
चार वासे, एका कोपऱ्यात फडफडणारी निळी ताडपत्री,
बाकी आकाश.
असा कळला शब्द,
जिथे ती वस्तू नव्हती तिथे.

मॅडम, करावे आत घेऊ का, रिक्षावाला म्हणाला,
तेव्हा कुठे मागचा शब्द पोचला.
नातिन.

रात्री रोमेलचा मेसेज : अवर रूफ इज गॉन.
अवर.
त्यात मी होते की नव्हते, त्यालाही ठाऊक नसणार.

चुकून म्हणाली असेल.
घाबरलेलं माणूस व्याकरण सांभाळत बसत नाही.
विचारलं नाही मी. विचारणारही नाही.

सोमवारी तुर्भ्याला पत्र्यांच्या दुकानात
उगाच भाव काढून आले.
किती फुटी पाहिजेत? तो म्हणाला.
माहीत नव्हतं.
रविवारी विचारायचंय, म्हणून शब्द शोधला,
वहीत लिहिला : तालाम्पाकान. फूट.
पाच अक्षरं,
अजून पाठ होत नाहीत.