इस्त्रीची पावती

मोदी नंबर तीनमध्ये, चष्म्याच्या दुकानावर,
मुकेवार मॅडमचा पंखा
आवाज करतो तेवढा वारा देत नाही.
जुलैची अठ्ठावीस. माझ्या आधी अकरा जण,
त्यातले चार आमच्याच खात्याचे,
कपडे साधे, पण बूट लाल.

मॅडम म्हणाल्या, हवालदारसाहेब,
जुन्या पद्धतीनं भरायचं तर गणवेश भत्त्यावर सूट आहे,
खर्च केला असेल तेवढ्यावरच.
शिलाई, धुलाई, इस्त्री. पावत्या आणा.

बावीस वर्षं लोकांच्या जबाबांवर सह्या घेतल्यात.
कागद जमवायला मला कुणी शिकवू नये.

महालातल्या टेलरचं बिल निघालं,
कमरेचं माप खोडून दोन इंच वाढवलेलं.
अधिवेशनाच्या बंदोबस्तात, झिरो माइलपाशी
थंडीत रात्रभर उभं राहून गेलेला बुटाचा तळ,
त्याचीही चिठ्ठी होती. बायको काही टाकत नाही.

राहिली इस्त्री.
टाकळीच्या पोलीस लाइनबाहेर, कडुनिंबाखाली,
झिंगरूजींचा ठेला. रोज एक जोड.
चालता चालता गुणाकार केला:
वीस रुपये, तीनशे दिवस, सहा हजार.
बाराशेचा कर वाचतो. पोरीचा बसचा पास.

झिंगरूजी, म्हटलं, एक कागद द्या लिहून,
मागच्या वर्षाच्या इस्त्रीचा.

त्यांनी इस्त्री उभी ठेवली.
"देतो नं जी. पण लिहू काय?
पैसे तर तुमी कदी देल्लेच नाही."

रागानं नाही.
कुणी वेळ विचारल्यावर सांगावी, तसं.

तुम्हीच घेत नव्हता, मी म्हणालो.
"हो. पयल्या दिवशी मीच म्हटलं, राहू द्या साहेब.
तुमी राहू देलं."

मी खात नाही, हे लाइनीत सगळ्यांना ठाऊक आहे.
वाळूच्या ट्रकवाल्याचं पाकीट
खिडकीतून परत फेकलं होतं एकदा,
ते मी अजून लग्नाकार्यात सांगतो.
सांगताना अंगावरचा शर्ट
नेहमी कडक असतो.

झिंगरूजींनी कॉलरवर पाणी शिंपडलं.
खिशावर, नावाच्या पट्टीनं पाडलेली दोन भोकं,
त्यांच्याभोवती इस्त्रीचं टोक हळू फिरवलं,
कापड फाटू नये म्हणून.
रोज असंच फिरवत असतील.
मी कधी थांबून पाहिलं नव्हतं.

एकतीसला ड्यूटीवरून तसाच गेलो.
"इस्त्री?" मॅडमनं विचारलं.
शून्य लिहा.
"अहो, काहीतरी असेलच. कॉलर बघा तुमची."

मग खिशातला कागद काढला,
पेपराच्या कोऱ्या कडेवर पेन्सिलीनं:
एक जोड. वीस रुपये. मिळाले.
तारीख आजची.

मॅडमनं चष्मा वर केला.
"ही यंदा नाही चालायची.
पुढच्या वर्षात येते ही.
जपून ठेवा."