तीन वजा

संगणक एकच होता. वाटणी मी केली.
जून होता, साडेपाचलाच काळोख,
सामुद्रधुनीवरून आलेला वारा
कार्यशाळेचा पत्रा खरवडत होता.
बाबा माझ्यामागे उभे, हातात चहाचा पेला.
"माझ्या बाजूला धक्का लागता कामा नये," एवढंच बोलले.

त्यांची बाजू म्हणजे जुनी विंडोज,
तिच्यात विणकामाच्या यंत्राचा प्रोग्राम.
लिहिणारी कंपनी केव्हाच बुडाली होती
आणि दुसऱ्या कशावर तो चालत नव्हता.
मी डिस्कच्या मधोमध बांध घातला,
अलीकडे त्यांचे स्वेटर,
पलीकडे माझं लिनक्स, माझा अभ्यास.

आमच्या पुंता अरेनासला वडीलधाऱ्यांच्या नावाआधी
मानाने दोन लावतात.
गिऱ्हाइकं दारातून विचारायची, दोन एलिएसेर आहेत का?
आत तर एकटेच असायचे,
दातांत दोरा धरून.

बटण दाबलं की काळा पडदा, त्यावर दोन ओळी.
वरची माझी, खालची त्यांची.
दहा सेकंदांत कुणी काही केलं नाही
तर यंत्र आपणहून माझ्या घरात शिरायचं.
म्हणून बाबा धावत यायचे, ओल्या हातांनी,
खालचा बाण दाबायला.
उशीर झाला की शिव्या, आणि पुन्हा पहिल्यापासून.
क्रम बदल म्हणाले, दोनदा.
बदलते, म्हणाले मी, दोनदा.

भांडण झालं ते घड्याळावरून.
माझी प्रणाली यंत्राच्या पोटात ग्रीनिचची वेळ लिहायची,
त्यांची तीच वेळ वाचून इथली समजायची.
आम्ही ग्रीनिचच्या तीन तास मागे,
म्हणून त्यांच्या कोपऱ्यात नेहमी तीन तास पुढचे.
त्या बाजूला इंटरनेट नव्हतं, विचारणार कुणाला?
त्यांनी चिकटपट्टीवर लिहिलं, तीन वजा,
आणि ती पडद्याच्या कडेला लावली.
"वजाबाकी येते मला," म्हणाले.
एका ओळीचा उपाय होता.
राहून गेला.

ऑगस्टात गेले.
रात्री बारा वाजून वीस मिनिटांनी,
डॉक्टर आल्मोनासिदने कागदावर तसं लिहून दिलं.

नऊ दिवसांनी त्यांची बाजू उघडली,
कुणाकुणाचं काम अडलंय बघायला.
शेवटची फाइल: उजवी बाही, मोठं माप.
जतन केल्याची वेळ, एक पन्नास.

आई माझ्या खांद्यावरून वाचत होती.
मला कारण ठाऊक होतं, जिभेवर आलं होतं:
दहा पन्नास, आई. त्यानंतर ते घरात आले,
सूप गार झालं म्हणून कुरकुरले,
तू पुन्हा गरम केलंस.
तिने तो आकडा ओठांनी परत वाचला.
"म्हणजे उठून आला होता," म्हणाली,
"डावी राहिली होती ना."

मी चिकटपट्टीकडे बघितलं.
तिनेही बघितलं असणार,
पडद्यावरची धूळ रोज तीच पुसायची.

मग तिने दिवा लावला, चाकावर करडी लोकर चढवली,
आणि विचारलं, उजवीची डावी करता येते का यात?
येते. एका चौकटीत खूण करायची असते.
सुयांची रांग खडखडत सरकू लागली.
कोपऱ्यात साडेनऊ, बाहेर साडेसहा,
आणि आम्ही दोघी, कुठल्या वेळेत कोण जाणे,
बाही लांबताना बघत बसलो.

घड्याळ मी अजून दुरुस्त केलेलं नाही.
क्रम तेवढा बदललाय, त्यांची ओळ वर.
आता कुणी धावत येत नाही,
यंत्र दहा सेकंद वाट बघतं आणि त्यांच्या बाजूला जातं.

स्वेटर न्यायला पोर्वेनिरच्या बोटीवरचा माणूस आला.
घालून बघितला, हात पुढे केले,
डावी बाही बोटभर लांब आहे म्हणाला.
आईने सूत सैल सोडलं होतं.
"असू दे," म्हणाली ती,
आणि पैसे मोजून घेतले.